पेजेवर वाढलेल्यांना बासुंदी

भाट्याच्या खाडीत ओहोटीला उतरलं की पाय घोट्याच्या वर रुततो. वरचा पातळ थर तपकिरी, त्याखालचा चिखल काळाकुट्ट. पाय उपसला की सडक्या अंड्यांचा वास. हा वास हायड्रोजन सल्फाइडचा. तिथे प्राणवायू पोहोचत नाही, म्हणून जीवाणू सल्फेटवर भागवतात आणि हा वायू सोडतात.

चमचाभर चिखलात अब्जावधी जीवाणू असतात. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत आगरावर पसरले, तर शंभरात एखादा उगवला तरी नशीब.

आगर म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातला चायना ग्रास, समुद्री शेवाळातून काढलेला. जीवाणू वाढवायला तो वापरायचं 1881 च्या सुमारास फॅनी हेस यांनी सुचवलं. त्याआधीचं जिलेटिन उन्हाळ्यात पातळ व्हायचं. पण आगरातही खोट निघाली. आगर आणि जीवाणूंच्या खाद्यातला फॉस्फेट क्षार एकत्रच ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे मोठ्या प्रेशर कुकरमध्ये, शिजवले तर हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि नाजूक जीवाणू मरतात, असं जपानी संशोधकांनी 2014 मध्ये दाखवलं. दोन्ही वेगवेगळे शिजवून मग मिसळले, तर कितीतरी जास्त वसाहती दिसतात. वरण-भाताचे डबे वेगळे लावणाऱ्या कुठल्याही घरात हे पटेल.

दुसरी चूक पाहुणचाराची. जन्मभर पेजेवर राहिलेल्याला आपण बासुंदी वाढतो. पेलाजिबॅक्टर हा समुद्रातल्या सर्वांत विपुल जीवाणूंपैकी एक. त्याच्या कुळाची जनुकीय खूण 1990 मध्येच सापडली होती, पण तो हाती लागला 2002 मध्ये. तेही साधं समुद्राचं पाणी गाळून, निर्जंतुक करून, त्यात नमुना इतका विरळ केला की तबकडीच्या एकेका खळग्यात मोजकेच जीव उरावेत. खायला जवळपास काहीच नाही. तेव्हा कुठे स्वारी वाढली!

मला मात्र त्याच वर्षीची दुसरी युक्ती जास्त आवडते. अमेरिकेत किम लुईस आणि स्लाव्हा एपस्टाइन यांच्या गटाने किनाऱ्यावरच्या गाळातले जीवाणू एका चपट्या डबीत ठेवले. डबीच्या दोन्ही बाजूंना पडदे, छिद्रं 0.03 मायक्रॉनची: जीवाणू बाहेर पडणार नाही, पण क्षार आणि शेजाऱ्यांनी सोडलेली रसायनं आत येतील. मग ती डबी मत्स्यटाकीत, त्याच गाळावर ठेवून दिली. बशीत हटून बसलेले जीवाणू डबीत वाढले. पुढे त्यांतले काही बशीतही वाढू लागले, पण शेजारचा ओळखीचा जीवाणू सोबत असेल तरच.