टॉमी जॉन शस्त्रक्रिया

कोपराच्या आतल्या बाजूचे लिगामेंट (हाडाला हाड बांधणारा पट्टा) तुटले, की त्याच माणसाच्या शरीरातली एखादी कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) त्या जागी बसवतात. या शस्त्रक्रियेला टॉमी जॉन शस्त्रक्रिया म्हणतात. डॉ. फ्रँक जोब यांनी ती कॅलिफोर्नियात 25 सप्टेंबर 1974 रोजी पहिल्यांदा केली, पण नाव लागले ते रुग्णाचे. टॉमी जॉन हे लॉस एंजेलिस डॉजर्स या बेसबॉल संघाचे डावखुरे स्टार्टिंग पिचर होते.

पिचर म्हणजे बॅटरला चेंडू टाकणारा खेळाडू, आणि स्टार्टिंग पिचर म्हणजे सामन्याची सुरुवात करणारा पिचर. मात्र चार षटके टाकून सीमारेषेवर विसावणारा क्रिकेटचा गोलंदाज इथे डोळ्यांसमोर आणू नये. बेसबॉलमध्ये दुसरे टोक नसते आणि षटक संपल्यावर चेंडू दुसऱ्याच्या हाती जात नाही. समोर येणाऱ्या प्रत्येक बॅटरला हाच एकटा टाकत राहतो. आजच्या काळात शंभराच्या आसपास चेंडू झाले की त्याला बाहेर काढतात आणि पुढचे चार-पाच दिवस तो खेळत नाही. प्रत्येक संघात असे साधारण पाच जण पाळीपाळीने उतरतात. पूर्वी बऱ्याच संघांचे काम चौघांवर भागत असे. संघ जिंकला की तो विजय एका पिचरच्या नावावरही लागतो. तो स्टार्टरला मिळायचा तर त्याने सामन्यातल्या नऊ इनिंगपैकी (डावांपैकी) निदान पाच टाकलेल्या असाव्या लागतात. थोडक्यात, त्याची सारी मिळकत हात किती वर्षे टिकतो यावर ठरते.

आणि हात आधी गळतो तो कोपरात. क्रिकेटमध्ये चेंडू टाकताना कोपर 15 अंशांहून जास्त सरळ झाले तर नोबॉल ठरतो. बेसबॉलमध्ये वाकलेले कोपर उलगडूनच चेंडू फेकायचा असतो. धावत येण्याची सोय नाही, आणि चेंडू 18.44 मीटरवर, बॅटरजवळ जमिनीत बसवलेल्या पाटीवरून न्यायचा असतो. कोपर झटक्यात उलगडते तेव्हा आतल्या बाजूच्या त्या छोट्या लिगामेंटवर प्रचंड ताण येतो, आणि हे हंगामात हजारो वेळा घडते. 1974 पूर्वी ते तुटले, की पिचरची कारकीर्द तिथेच संपे. लोक एवढेच म्हणत, ‘याचा हात गेला.’

जॉन यांचा जन्म 1943 सालचा, इंडियाना राज्यातल्या टेरे होटचा. 1963 मध्ये ते क्लीव्हलँडकडून पहिल्यांदा खेळले, मग शिकागो व्हाइट सॉक्स आणि 1972 पासून डॉजर्स. त्यांच्या चेंडूला वेग फारसा नव्हता. भर होता सिंकरवर. ऐन बॅटजवळ खाली बसणारा हा चेंडू बॅटर बहुधा जमिनीवरच मारतो आणि एका फटक्यात तो व आधीच धावत असलेला त्याचा साथीदार असे दोघे बाद होऊ शकतात. 17 जुलै 1974 रोजी मॉन्ट्रियल एक्स्पोजविरुद्ध उतरले तेव्हा त्या हंगामात त्यांचे 13 विजय आणि 3 पराभव होते. एक चेंडू टाकताना कोपरात काहीतरी भलतेच झाले. त्यांनी आणखी एक टाकून पाहिला, हातात जोरच उरला नव्हता, आणि ते स्वतःहून मैदानाबाहेर चालत आले.

अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट आत वाकवा. बहुतेकांच्या मनगटाच्या मध्यावर एक दोरी उठून दिसते. काहींना ती जन्मतःच नसते आणि त्यांचे काही अडत नाही. जोब यांनी जॉन यांच्या उजव्या हातातली ही कंडरा काढली, डाव्या कोपराच्या वरच्या व खालच्या हाडांना भोके पाडली आणि ती त्यांतून इंग्रजी आठच्या आकड्यासारखी ओवून घेतली. पुन्हा खेळण्याची शक्यता त्यांनी शंभरात एक धरली होती. पुढे हाताची नस दबून बोटे वाकडी झाली, तेव्हा डिसेंबरमध्ये दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली. 1975 चा अख्खा हंगाम गेला.

एप्रिल 1976 मध्ये जॉन परतले. त्या वर्षी 10 विजय, 10 पराभव; पुढच्याच वर्षी 20 विजय. नंतर न्यूयॉर्क यँकीजकडून 1979 मध्ये 21 आणि 1980 मध्ये 22. 1989 मध्ये, वयाच्या 46 व्या वर्षी ते थांबले. एकूण 26 हंगाम, 288 विजय, आणि त्यांतले 164 नव्या कोपराचे. म्हणजे दुरुस्त केलेला हात मूळ हातापेक्षा सरस कमाई करून गेला.

जोब यांनी दुसऱ्या खेळाडूवर ही शस्त्रक्रिया केली ती 1978 मध्ये. आज ती नेहमीची झाली आहे. परतायला वर्ष ते दीड वर्ष लागते. जपानी बेसबॉलपटू शोहेई ओहतानी यांनी ती 2018 मध्ये करून घेतली. या सवयीचा एक घातक परिणाम म्हणजे धडधाकट मुलांचे पालकही ‘हिने चेंडूचा वेग वाढतो’ असे समजू लागले. कंडरा वेग देत नाही. वाढ दिसते ती त्या वर्षभराच्या काटेकोर व्यायामाची. मुलांनी कोणत्या वयात किती चेंडू टाकावेत याची मर्यादा 2014 मध्ये आखून देण्यात आली, ती याच काळजीपोटी.

बेसबॉलमधल्या थोरांना मानाचे स्थान देणाऱ्या हॉल ऑफ फेमने 2013 मध्ये जोब यांचा गौरव केला. ही शस्त्रक्रिया झालेले पिचर जॉन स्मोल्ट्झ 2015 मध्ये तिथे पोचले. टॉमी जॉन यांचे नाव पत्रकारांच्या मतदानात 15 वर्षे होते, पण लागणारी 75 टक्के मते त्यांना कधीच मिळाली नाहीत. हा अन्यायच आहे. बहुतेक वेळा प्रवेश मिळवून देणाऱ्या 300 विजयांना त्यांना 12 कमी पडले, आणि कोपरापायी त्यांचा जवळजवळ दीड हंगाम बुडाला होता.