वाडीतली वाट आणि १२ वर्षं

लोक १२ वर्षं तुमच्या वाडीतून समुद्रावर गेले की ती वाट त्यांच्या मालकीची होते, असा संदेश फिरत असतो. यात दोन कायद्यांची सरमिसळ झाली आहे. १२ वर्षांची मुदत प्रतिकूल ताब्याची, म्हणजे मालकाच्या हक्काविरुद्ध उघडपणे जमीन ताब्यात ठेवण्याची; नुसती ये-जा म्हणजे ताबा नव्हे. वहिवाटीच्या, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीतून ये-जा करण्याच्या, हक्काला १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार २० वर्षं लागतात, तीही उघडपणे, शांततेत, अखंड आणि हक्क म्हणून. परवानगीने येणाऱ्या शेजाऱ्याला तो असा मिळत नाही. मिळालाच तरी जाण्यापुरता, जमीन तुमचीच. (मात्र मग गडगा घालून वाट अडवता येत नाही.)

सातबाऱ्यावरचे ‘इतर हक्क’, खरेदीखत आणि गावनकाशा पाहा. नकाशात पाखाडी (दगडी पायवाट) दाखवली असेल, तर वर्षं मोजण्याआधी वकिलाला विचारा. ती वाट मुळातच सार्वजनिक असू शकते.