फादर डेमियन स्मरणदिन

हवाई बेटांपैकी मोलोकाई बेटावरील कुष्ठपीडितांच्या वसाहतीत सुमारे 16 वर्षे सेवा करून त्याच रोगाने मृत्यू पावलेले बेल्जियन कॅथलिक मिशनरी फादर डेमियन (3 जानेवारी 1840–15 एप्रिल 1889) यांच्या स्मरणार्थ पाळले जाणारे दिवस. ते मुख्यतः दोन : 10 मे हा कॅथलिक चर्चमधील त्यांचा सण आणि 15 एप्रिल ही पुण्यतिथी. तारखांचा हा दुहेरीपणा निव्वळ योगायोगाचा नाही.

डेमियन यांचे मूळ नाव योझेफ द व्यूस्टर. जन्म बेल्जियममधील ट्रेमेलो येथे. येशू व मरिया यांच्या पवित्र हृदयांच्या संघात (पिकपस संघ) ते दाखल झाले. हवाईला जाण्यासाठी त्यांच्या थोरल्या भावाची, पाम्फिल यांची, निवड झाली होती. ते आजारी पडल्याने त्यांच्या जागी डेमियन गेले. 19 मार्च 1864 रोजी ते होनोलुलूला उतरले व 21 मे रोजी तेथेच त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढील नऊ वर्षे ते हवाई या मोठ्या बेटावर पुना व कोहाला भागांत होते.

राजा पाचवा कामेहामेहा याच्या काळात, 1865 मध्ये, कुष्ठरोगाच्या प्रतिबंधासाठी कायदा झाला आणि जानेवारी 1866 पासून रुग्णांना मोलोकाईच्या उत्तरेकडील कालावाओ येथे नेऊन ठेवण्यास सुरुवात झाली. एका बाजूला उभे कडे व तिन्ही बाजूंना समुद्र, अशी ही जागा. हवाईयन लोक या रोगाला ‘ताटातूट करणारा आजार’ म्हणत. रोगाच्या लक्षणांपेक्षा कायद्याच्या परिणामावरून पडलेले हे नाव आहे. बिशप मेग्रे यांच्याबरोबर डेमियन 10 मे 1873 रोजी तेथे पोहोचले. चार धर्मगुरूंनी पाळीपाळीने जावे अशी मूळ योजना होती. डेमियन यांची पाळी संपलीच नाही. नॉर्वेत हान्सेन यांनी कुष्ठाचा जंतू पाहिला तेही 1873 मध्येच. कालावाओच्या व्यवहारावर मात्र या शोधाचा लगेच काही परिणाम झाला नाही.

सणासाठी 10 मे ही तारीख का, याची दोन स्पष्टीकरणे दिली जातात. संताचा सण सामान्यतः त्याच्या मृत्युदिनी, म्हणजे ‘स्वर्गातील जन्मदिनी’ ठेवण्याचा रोमन प्रघात आहे. पण 15 एप्रिल पुष्कळदा पवित्र आठवड्यात (ईस्टरच्या आधीचा आठवडा) किंवा ईस्टरच्या अष्टकात (ईस्टरपासूनचे आठ दिवस) सापडते आणि त्या दिवसांत संतांचे सण साजरे होत नाहीत, हे पहिले स्पष्टीकरण. ते चुकीचे नसले तरी पुरेसे नाही, कारण याच अडचणीतले एप्रिलमधील इतर अनेक सण आहेत तिथेच राहिले आहेत. वसाहतीत पाऊल ठेवण्याच्या दिवसाला मुद्दाम मान दिला गेला, हे दुसरे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते.

‘आपण कुष्ठरोगी’ या त्यांच्या प्रसिद्ध संबोधनाच्या काळासंबंधीही वाद आहे. लोकप्रिय चरित्रांनुसार, रोगाचे निदान झाल्यावर (1884 अखेर किंवा 1885 च्या आरंभी) डेमियन यांनी एका रविवारी नेहमीच्या ‘माझ्या बंधूंनो’ऐवजी ‘आपण कुष्ठरोगी’ अशी प्रवचनाची सुरुवात केली आणि श्रोते काय ते समजले. प्रसंग नाट्यमय आहे. परंतु पाम्फिल यांना नोव्हेंबर 1873 मध्ये, म्हणजे वसाहतीत येऊन जेमतेम सहा महिने झाले असताना, पाठवलेल्या पत्रातच आपण असे संबोधन करतो असे डेमियन लिहितात. पत्राचा पुरावा समकालीन असल्याने तोच प्रमाण मानावा लागतो. 1885 ची कथा पूर्णतः रचलेली असेल असेही नाही; जुनेच शब्द त्या रविवारी वेगळ्या अर्थाने ऐकले गेले असतील. येथे भाषेचाही एक मुद्दा आहे. हवाईयन भाषेत मराठीप्रमाणेच श्रोत्याला सामावून घेणारे ‘आपण’ (काकोउ) व त्याला वगळणारे ‘आम्ही’ (माकोउ) अशी दोन सर्वनामे आहेत. फ्रेंच किंवा इंग्रजीत हा भेद नसल्याने तो त्या भाषांतील चरित्रांत उतरत नाही. मराठीत काही वेळा ‘आम्ही कुष्ठरोगी’ असे भाषांतर केले जाते, ते टाळलेले बरे.

मृत्यूनंतर कीर्ती आणि वाद एकदमच वाढले. होनोलुलूचे प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक हाइड यांनी ऑगस्ट 1889 मध्ये एका खाजगी पत्रात डेमियन यांच्या चारित्र्यावर व अस्वच्छतेवर टीका केली. ते पत्र छापून आले. डेमियन यांच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांतच वसाहत पाहून आलेले स्कॉटिश लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांनी 1890 मध्ये खुल्या पत्राने त्याला उत्तर दिले. डेमियन यांचे हट्टी, अव्यवस्थित स्वभावदोष स्टीव्हन्सन यांनी लपवले नाहीत, ही गोष्ट त्या पत्राचा गौरवाने उल्लेख करणारे बहुधा विसरतात.

लंडनमध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या पुढाकाराने 1889 मध्येच स्मारकनिधी उभारण्यात आला. मोलोकाईवर क्रूस उभारण्याबरोबरच भारतातील कुष्ठरोगाची चौकशी करणे हाही त्याचा उद्देश होता. त्यातून नेमलेल्या आयोगाने 1890–91 मध्ये भारतात पाहणी करून हा रोग फारच अल्प प्रमाणात संसर्गजन्य आहे असा निष्कर्ष काढला. संसर्गाने मृत्यू आलेल्या माणसाच्या स्मरणार्थ जमलेल्या पैशातून हा अहवाल निघाला. निधीच्या समितीतील काहींना तो मान्य झाला नाही.

डेमियन यांना कालावाओच्या सेंट फिलोमिना चर्चलगत पुरले होते. 1936 मध्ये बेल्जियम सरकारच्या विनंतीवरून अवशेष उकरून ‘मर्कातोर’ जहाजाने अँटवर्पला व तेथून लूव्हेनला नेले. वसाहतीतील रुग्णांना याचे दुःख झाले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 4 जून 1995 रोजी ब्रुसेल्स येथे डेमियन यांना धन्यवादित (संतपदापूर्वीची पायरी) घोषित केल्यावर त्यांचा उजवा हात मूळ कबरीत परत आला. संतपद 11 ऑक्टोबर 2009 रोजी पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी दिले.

हवाई राज्यात 15 एप्रिल हा अधिकृत डेमियन दिन असला तरी सुट्टी नसते. होनोलुलूच्या राज्य विधानभवनासमोरील पुतळ्याला त्या दिवशी पुष्पमाळा (लेइ) घालतात. मारिसोल एस्कोबार यांनी घडवलेल्या या चौकोनी, ठोकळेवजा पुतळ्याची दुसरी प्रत 1969 पासून वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये (अमेरिकेच्या संसद भवनात) आहे. रोगाने विद्रूप झालेला चेहरा तसाच दाखवल्याने त्यावर बरीच टीका झाली होती. अमेरिकेतील एपिस्कोपल चर्चने 15 एप्रिललाच डेमियन आणि 1888 मध्ये वसाहतीत आलेल्या धर्मभगिनी मारियान कोप यांचे संयुक्त स्मरण ठरवले आहे. बेल्जियममध्ये मात्र स्मरणाला निधिसंकलनाचे रूप आले : 1964 मध्ये स्थापन झालेली ‘दामियान आक्सी’ ही संस्था जानेवारीअखेर, जागतिक कुष्ठरोग दिनाच्या सुमारास, रंगीत पेनांची पाकिटे विकते.

अलीकडे या स्मरणाच्या चौकटीवरच आक्षेप घेतले जातात. डेमियन येण्यापूर्वी, 1866 मध्येच, रुग्णांनी सिलोआमा ही प्रॉटेस्टंट मंडळी स्थापन केली होती. आप्तांच्या सेवेसाठी स्वेच्छेने वसाहतीत राहिलेले हवाईयन ‘कोकुआ’ही होते. विलगीकरण 1969 मध्ये संपेपर्यंत सुमारे 8,000 माणसे तेथे पाठवली गेली आणि त्यांतील बहुसंख्य हवाईयन होती. अनेकांच्या कबरींवर खूण नाही. त्यांची नावे कोरलेले स्मारक कालावाओजवळील कालाउपापा येथे उभारण्यास अमेरिकेच्या काँग्रेसने 2009 मध्ये, डेमियन यांना संतपद मिळाले त्याच वर्षी, संमती दिली.