हॉलिहॉक : कोकणातील परसबागेत लागवड

हॉलिहॉक किंवा गुलखैरा (शास्त्रीय नाव आल्सिया रोजिया, जुन्या पुस्तकांत अल्थिया रोजिया) हे भेंडी कुलातील उंच फुलझाड आहे. जास्वंद, अंबाडी आणि कापूस ही त्याची भावंडे. सरळ, लवदार खोड दीड ते अडीच मीटर वाढते आणि त्यावर पांढऱ्यापासून जवळजवळ काळ्या रंगापर्यंतची मोठी फुले खालून वर उमलत जातात.

थंड प्रदेशात हे झाड बहुधा दोन वर्षांचे असते. पहिल्या वर्षी जमिनीलगत नुसता पानांचा झुबका येतो. हिवाळा सोसल्यावर दुसऱ्या वर्षी फुलांचा दांडा निघतो. कोकण किनाऱ्यावर हा क्रम जमत नाही. रत्नागिरीकडे जानेवारीतल्या रात्रीही पारा साधारण १८–१९ अंशांवर असतो, त्यामुळे अशा वाणांना हवी तेवढी थंडी मिळत नाही. शिवाय जून ते सप्टेंबर सुमारे ३,००० मिमी पाऊस पडतो आणि त्यात झुबक्याचा गड्डा कुजतो. म्हणून इथे पहिल्याच हंगामात फुलणारे वाणच लावावेत. पाकिटावरचे चित्र पाहून बी घेणाऱ्यांची फसगत होते ती याच ठिकाणी.

पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात बी पेरतात. सोटमूळ खोल जात असल्याने रोप हलवलेले त्याला सोसत नाही. बी थेट आळ्यात टाकावे, नाहीतर पिशवीत रुजवून लहान असतानाच मुळे न दुखवता लावावे. दोन रोपांत दीड-दोन फूट अंतर हवे. जांभ्याची माती आम्ल असते आणि कातळावर तिचा थर पातळ असतो. तेव्हा दीड फूट खड्डा खणून कुजलेले शेणखत मिसळावे, थोडा चुना किंवा चुलीतली राखही चालते. किनाऱ्यालगतच्या पुळणीच्या जमिनीत मुळे सहज उतरतात, पण पाणी टिकत नाही; तिथे खत दुप्पट घालून आळ्यावर पालापाचोळा पसरावा.

जागा सहा तास उन्हाची असावी. माड-पोफळीच्या सावलीत झाड नुसते लांबते आणि फुले विरळ येतात. दुपारनंतरचा समुद्रावरचा वारा उंच दांड्यांना आडवे करतो, म्हणून गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) किंवा घराच्या भिंतीच्या आडोशाला लावून बांबूच्या काठीला बांधावे. पाणी बुंध्याशी द्यावे, पानांवर नको, कारण ओल्या पानांवर तांबेरा फोफावतो.

तांबेरा हा या झाडाचा जुना वैरी: पानाच्या खालच्या बाजूला नारिंगी-तपकिरी पुटकुळ्या येतात आणि पाने बुंध्याकडून वाळत जातात. मूळचा दक्षिण अमेरिकेतला हा बुरशीरोग एकोणिसाव्या शतकात युरोपात पसरला. रोगट पाने दिसताच खुडून जाळावीत, कुजत ठेवू नयेत. शेजारी भेंडीचा वाफा किंवा जास्वंदीची वई असेल तर मावा, पिठ्या ढेकूण आणि तांबडे ढेकूणही येतात. तांबडे ढेकूण पिकत्या बियांतला रस शोषतात. साबणाचे पाणी किंवा निंबोळी अर्क वेळेवर फवारला तर पुरतो.

वेळेवर पेरलेले झाड बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलते. चकतीसारखी फळे तपकिरी झाली की बी काढून उन्हात वाळवावे आणि पावसाळ्यापूर्वी घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे. कोकणच्या दमट हवेत उघडे राहिलेले बी लवकर बुरसते. मधमाश्यांमुळे परपरागण (एका झाडाचे पराग दुसऱ्यावर जाणे) होत असल्याने घरच्या बियांतून आईचाच रंग येईल याची खात्री नसते. ठरावीक रंगाची रांग हवी असेल, तर दरवर्षी विकतचे बी घेणे बरे.