सिएनाच्या संत कॅथरिन

(२५ मार्च १३४७ – २९ एप्रिल १३८०). इटलीतील कॅथलिक संत आणि गूढानुभववादी लेखिका. सिएना शहरात कापड रंगवण्याचा धंदा करणारे जाकोपो बेनिंकासा व लापा यांच्या मोठ्या खटल्यात त्यांचा जन्म झाला; भावंडे वीसहून अधिक.

घरात लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा कॅथरिन यांनी आपले केस कापून टाकले. शिक्षा म्हणून त्यांची खोली गेली आणि घरकामाचा रगाडा मागे लागला. त्यांचे पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरू व चरित्रकार, कापुआचे रेमंड सांगतात की, या काळात त्यांनी मनातच एक खोली उभारली. घरच्यांची सेवा करताना त्या वडिलांच्या ठायी ख्रिस्त, आईच्या ठायी मरिया आणि भावांच्या ठायी प्रेषित पाहत. त्यांच्या शिकवणुकीचे मूळ इथेच सापडते. आत्मज्ञानाची ही खोली पुढे त्यांच्या पत्रांत वारंवार येते. तिथे माणसाला आपले शून्यत्व आणि देवाचा चांगुलपणा दोन्ही एकदमच दिसायला हवेत. नुसते पहिले दिसले तर निराशा येते, नुसते दुसरे दिसले तर उन्मत्तपणा.

डोमिनिकन परंपरेतील (संत डोमिनिक यांच्या संन्यासी संघाशी जोडलेल्या, पण मठाऐवजी घरीच राहणाऱ्या) प्रापंचिक भगिनींमध्ये सामील झाल्यावर काही वर्षे त्या घरीच एकांतात राहिल्या, मग रुग्णसेवेसाठी बाहेर पडल्या. देवाच्या प्रेमाची परतफेड थेट देवाला करता येत नाही, ती शेजाऱ्याच्याच पदरात घालावी लागते, असे त्या सांगत. हे त्या कुठवर जगल्या, ते रेमंड यांना लिहिलेल्या एका पत्रात दिसते. देहदंडाची शिक्षा झालेल्या एका तरुणाला (परंपरेनुसार पेरुजाचा निकोलो दी तोल्दो) त्यांनी धीर दिला. वधस्थळी त्याच्या आधी पोहोचून आपली मान ठोकळ्यावर ठेवून पाहिली आणि अखेर त्याचे शिर आपल्या हातांत घेतले. अंगावर उडालेले रक्त धुवावेसे वाटेना, असे त्या लिहितात.

त्या काळी पोप रोमऐवजी फ्रान्समधील अविन्यो येथे राहत. १३७६ मध्ये तिथे जाऊन कॅथरिन यांनी पोप अकरावे ग्रेगरी यांना रोमला परतण्याची गळ घातली. परतण्याचा विचार पोपमहाशयांच्या मनात आधीपासून होता, त्यामुळे सारे श्रेय कॅथरिन यांना देणे बरोबर नाही. पण डळमळणाऱ्या मनाला त्यांनी बळ दिले, हे नक्की. जानेवारी १३७७ मध्ये पोप रोमला पोहोचले.

कॅथरिन यांच्या टोकाच्या उपवासांचे भाविकांना फार कौतुक वाटते. स्वतः कॅथरिन यांनी मात्र ‘संवाद’ या ग्रंथात तपश्चर्येला साधनच मानले आहे. विवेकाविना केलेले देहदंडन आत्म्याला घातक ठरते, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. याच ग्रंथात ख्रिस्त हा पृथ्वी व स्वर्ग जोडणारा पूल म्हणून येतो.

वयाच्या ३३ व्या वर्षी रोममध्ये त्यांचे निधन झाले. मूळचे सिएना परिसरातील पोप दुसरे पायस यांनी १४६१ मध्ये त्यांना संतपद दिले. १९७० मध्ये आविलाच्या संत तेरेजा यांच्यापाठोपाठ त्यांना ख्रिस्तसभेच्या आचार्य (ज्यांची शिकवण साऱ्या चर्चसाठी मोलाची मानली जाते अशा संत) म्हणून घोषित करण्यात आले. या दोघींच्या आधी हा मान एकाही स्त्रीला मिळाला नव्हता.