उजेडाला लावलेला सापळा

द्रवरूप आर्गॉन उजेडाच्या बाबतीत मोठा उधळ्या. विद्युतभारित कण त्यातून गेला की दर दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेमागे (विद्युतक्षेत्र नसेल तर) सुमारे 40,000 फोटॉन, म्हणजे उजेडाचे कण, बाहेर पडतात. पंचाईत एवढीच, की हा उजेड 128 नॅनोमीटरचा, पार अतिनीलातला. काच त्याला गिळून टाकते आणि नेहमीचे संवेदक त्याच्यापुढे जवळजवळ आंधळे. त्यातून सगळा कारभार उणे 186 अंश सेल्सिअसला!

अमेरिकेतल्या ‘ड्यून’ प्रयोगासमोर हाच प्रश्न आहे. शिकागोजवळच्या फर्मीलॅब या प्रयोगशाळेतून निघालेले न्यूट्रिनो (पदार्थातून सहसा न अडता जाणारे, विद्युतभार नसलेले कण) 1,300 किलोमीटरवर, साउथ डकोटातल्या जुन्या सोन्याच्या खाणीत, दीड किलोमीटर खोलवर टिपायचे आहेत. एकेका टाकीत 17,000 टन आर्गॉन. न्यूट्रिनोच्या धडकेतून निघालेल्या भारित कणाने मोकळे केलेले इलेक्ट्रॉन कडेला पोचायला काही मिलिसेकंद घेतात; उजेड मात्र लगेच येतो, म्हणून घटना नेमकी कधी घडली ते तोच सांगतो. पण एवढ्या भिंती संवेदकांनी मढवायच्या कशा?

ब्राझीलच्या काम्पिनास विद्यापीठातल्या आना माचादो आणि एत्तोरे सेग्रेतो यांनी काढलेली तोड मला फार आवडते. तिचं नाव ‘अरापुका’; तिथल्या आदिवासींच्या भाषेत पाखरं धरायचा सापळा. चपट्या पेटीच्या तोंडाशी एक गाळणी असते. ती 400 नॅनोमीटरखालचा उजेड आत सोडते, वरचा परतवते. गाळणीच्या बाहेरच्या अंगावर टर्फेनिल या रसायनाचा लेप. तो 128 चा फोटॉन शोषून साधारण 350 चा सोडतो. म्हणजे आत जायला मोकळीक. आतली प्लास्टिकची पट्टी त्याला पुन्हा रंग बदलायला लावते, आता 430. ज्या दारातून आला तेच दार आता त्याच्यासाठी आरसा! मग तो आतल्या आत आपटत राहतो आणि कडेच्या चिमुकल्या सिलिकॉन संवेदकांच्या हाती लागतो. तरी सगळेच सापडतात असं नाही. पेटीवर आदळलेल्या शंभरातले दोन-तीन मोजले गेले तरी काम भागतं, कारण मुळात आर्गॉनच उधळ्या.

दुसरा उपाय द्रवातच करायचा. आर्गॉनमध्ये चिमूटभर झेनॉन मिसळलं की बराचसा उजेड 175 नॅनोमीटरवर सरकतो. तरंगलांबी वाढली की विखुरणं झपाट्याने घटतं (आकाश निळं दिसतं ते याच नियमाने), त्यामुळे लांबच्या कोपऱ्यातला उजेडही भिंतीपर्यंत पोचतो. युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेतल्या नमुना-टाकीत हे करून पाहिलंय. चिमूटभर म्हणजे वजनाने दहा लाखांत दहा भाग धरले, तरी 17,000 टनांना 170 किलो झेनॉन लागेल, आणि झेनॉन काही स्वस्त नाही.