ताण कधी आला, त्यावर आठवण ठरते

तोंडी परीक्षेत परीक्षक एक सोपा प्रश्न विचारतात. उत्तर आदल्या रात्रीपर्यंत तोंडपाठ होतं, पण नेमकं तिथं आठवत नाही. घसा कोरडा पडतो, तोंडातून भलतंच काहीतरी निघतं आणि परीक्षक पुढच्या प्रश्नाकडे वळतात. बाहेर पडून थोडा वेळ गेला की उत्तर आपोआप सुचतं. पुढे काही वर्षांत तो विषय आणि ते उत्तर दोन्ही विसरायला होतं. फजिती मात्र विसरत नाही. परीक्षकांचा चेहरा, त्यांनी बाजूला ठेवलेलं पेन, आपला थरथरता आवाज सगळं लख्ख आठवतं.

एकाच प्रसंगात स्मृतीनं ऐनवेळी दगा दिला आणि त्याच प्रसंगाची पक्की नोंदही करून ठेवली. या दोन्हींत ताणाच्या त्याच संप्रेरकांचा हात आहे. ‘ताणामुळे स्मरणशक्ती कमी होते’ हे वाक्य सगळीकडे वाचायला मिळतं आणि मला ते फार अपुरं वाटतं. आपण शिकत होतो, शिकलेलं मुरत होतं की ते आठवत होतो, यांपैकी कोणत्या टप्प्यावर ताण आला आणि आल्यावर किती काळ रेंगाळला, यावर पुढचं बरंच काही ठरतं.

धोका जाणवला की शरीरात दोन लाटा उठतात. पहिली काही सेकंदांतच येते. मज्जातंतूंकडून थेट हुकूम सुटतो आणि मूत्रपिंडांच्या वर असलेल्या ॲड्रिनल ग्रंथींचा आतला भाग ॲड्रेनॅलिन सोडतो. छाती धडधडू लागते, तळहातांना घाम सुटतो, रक्त स्नायूंकडे वळतं. दुसरी लाट सावकाश येते. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस एक संप्रेरक सोडतो, ते पीयूषिका ग्रंथीला जागं करतं. पीयूषिका आपलं संप्रेरक रक्तात सोडते आणि ते ॲड्रिनल ग्रंथींच्या बाहेरच्या थरापर्यंत पोचलं की तिथून कॉर्टिसॉल स्रवू लागतं. रक्तातली त्याची पातळी टोकाला पोचायला ताण सुरू झाल्यापासून साधारण २० ते ३० मिनिटं लागतात. अनेकदा तोवर प्रसंग टळून गेलेला असतो, आपण पाणी पिऊन निवांत बसलेलो असतो आणि कॉर्टिसॉल तेव्हा कुठे भरात आलेलं असतं. हा अर्धा तास ध्यानात ठेवावा.

कॉर्टिसॉलची उगाच बदनामी झाली आहे. ते रोजच्या रोज आपल्या रक्तात असतं. पहाटे वाढत जातं, जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात शिखर गाठतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी होतं. त्याच्याशिवाय शरीराचं चालत नाही.

ते मेंदूत नेमकं कुठे जातं? १९६८ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस मॅकइवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲड्रिनल ग्रंथी काढून टाकलेल्या उंदरांना किरणोत्सारी कॉर्टिकोस्टेरॉन टोचलं. उंदरांच्या शरीरात कॉर्टिसॉलचं काम हे रसायन करतं. या साऱ्या यंत्रणेची सूत्रं हायपोथॅलॅमसकडे आहेत, तेव्हा ते तिथं साठेल असं कुणालाही वाटलं असतं. ते साठलं हिप्पोकॅम्पसमध्ये. नव्या घटनांच्या आठवणी घडवणारा हा भाग किती मोलाचा आहे हे तोवर कळून चुकलं होतं. १९५३ मध्ये अपस्मारावरचा उपाय म्हणून हेन्री मोलेसन या अमेरिकन तरुणाच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराच भाग काढला गेला आणि त्यानंतर त्याला नव्या घटना लक्षात ठेवता आल्या नाहीत. ताणाचं संप्रेरक स्मृतीच्या थेट उंबरठ्यावर येऊन थांबतं, हा १९६८ चा शोध मला या सगळ्या विषयाचा पाया वाटतो.

पुढे १९८५ मध्ये नेदरलँड्समधल्या रॉन द क्लूट यांच्या गटानं दाखवलं की या संप्रेरकाला पकडून ठेवणारे रिसेप्टर मेंदूत दोन प्रकारचे आहेत. पहिला प्रकार जवळजवळ दहापट जास्त ओढीनं त्याला धरतो, त्यामुळे पातळी कमी असतानाही तो बहुतेक भरलेला असतो. दुसरा प्रकार पातळी चढल्यावरच भरू लागतो. म्हणून थोडं कॉर्टिसॉल आणि खूप कॉर्टिसॉल यांचे परिणाम नुसते कमी-जास्त नसतात, ते वेगळ्याच जातीचे असू शकतात.

ॲड्रेनॅलिनची गोष्ट वेगळी. रक्तातून मेंदूत शिरायला त्याला जवळपास मज्जावच आहे. तरी त्याचा निरोप पोचतो. छाती-पोटातून मेंदूकडे जाणारी व्हेगस ही नस तो नेते, मग मेंदूच्या आत नॉरॲड्रेनॅलिन सुटतं आणि ते अमिग्डलापर्यंत पोचतं. अमिग्डला हा बदामाच्या आकाराचा भाग भीती आणि इतर तीव्र भावनांशी जोडलेला आहे. तो चेतला की शेजारच्या हिप्पोकॅम्पसला जणू सांगतो, हे नीट नोंदवून ठेव.

हे माणसांमध्ये दाखवणारा एक प्रयोग मला फार आवडतो. लॅरी काहिल आणि जेम्स मॅकगॉ यांनी तो अर्व्हाइनच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात केला आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध केला. लोकांना चित्रांच्या साथीनं एक गोष्ट सांगितली गेली. एक मुलगा आईबरोबर बाहेर पडतो, वाटेत त्याला गाडीची धडक बसते आणि डॉक्टर त्याला वाचवण्यासाठी धडपडतात. दुसऱ्या काही जणांना तीच चित्रं दाखवून अपघाताऐवजी साधी गोष्ट सांगितली. दोन्हींतल्या काहींना आधी प्रोप्रॅनोलॉल दिलं होतं. हे रक्तदाबावरचं औषध ॲड्रेनॅलिन आणि नॉरॲड्रेनॅलिनचा प्रभाव अडवतं. आठवड्यानं अचानक विचारलं, काय आठवतंय? औषध न घेतलेल्यांना अपघाताचा भाग इतर भागांपेक्षा ठळक आठवत होता. औषध घेतलेल्यांच्या बाबतीत हा ठळकपणा नाहीसा झाला होता. साधी गोष्ट ऐकलेल्यांना मात्र औषधानं काही फरक पडला नाही. म्हणजे औषधानं सरसकट स्मरणशक्ती कमी केली नव्हती, भावनेमुळे मिळणारी जादाची पकड तेवढी काढून घेतली होती.

आता तो अर्धा तास. १९९८ मध्ये डॉमिनिक द क्वेर्वां, बेन्नो रोझेंडाल आणि मॅकगॉ यांनी उंदरांना पाण्याच्या हौदात दडलेला चौथरा शोधायला शिकवलं. पाणी गढूळ, चौथरा पृष्ठभागाखाली, त्यामुळे तो कुठे आहे हे आठवूनच पोहावं लागतं. दुसऱ्या दिवशी परीक्षेआधी त्यांना पायाला विजेचा सौम्य झटका दिला. झटका परीक्षेच्या २ मिनिटं आधी दिला तर उंदीर व्यवस्थित पोहत चौथऱ्याकडे गेले. ४ तास आधी दिला तरीही गेले. ३० मिनिटं आधी दिला तेव्हा मात्र जागा आठवेना, ते इकडेतिकडे फिरत राहिले. कॉर्टिकोस्टेरॉन वाढूच दिलं नाही तर ही अडचण आली नाही. दोन वर्षांनी द क्वेर्वां यांना माणसांतही असंच दिसलं: आधी पाठ केलेले शब्द आठवण्यापूर्वी कॉर्टिसोनची गोळी दिली (शरीरात तिचंच कॉर्टिसॉल होतं), तर शब्द कमी आठवले.

म्हणजे कॉर्टिसॉलची लाट शिकल्यानंतर लगेच आली तर ते शिकणं पक्कं होतं आणि आठवण्याच्या वेळी आली तर आठवण अडते. यावरून मला असं वाटतं, की तोंडी परीक्षेत खरं नुकसान दाराबाहेर ताटकळत बसलेल्या वेळात होत असावं. प्रश्न येईपर्यंत ती लाट तिथं पोचलेली असते. शिवाय पहिल्या लाटेबरोबर मेंदूत वाढलेलं नॉरॲड्रेनॅलिन कपाळामागच्या भागाला गोंधळात टाकतं. विचार जुळवायचं काम हाच भाग करतो. येल विद्यापीठाच्या एमी आर्नस्टेन यांनी यावर अनेक वर्षं काम केलं आहे.

पक्की आठवण खरीच असते, असं मात्र नाही. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर दुसऱ्याच दिवशी ड्यूक विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना दोन गोष्टी लिहायला सांगितल्या: बातमी कशी कळली ते, आणि त्याच सुमाराची एक रोजची साधी घटना. काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी पुन्हा विचारलं. तपशील दोन्हींचे सारखेच बदलत गेले. फरक विश्वासात होता. बातमीची आठवण अगदी जशीच्या तशी आहे, असं विद्यार्थ्यांना ठामपणे वाटत राहिलं. साक्षीदाराची खात्री हाच पुरावा मानणाऱ्यांनी हा निष्कर्ष गांभीर्यानं घ्यायला हवा.

इथपर्यंतचा ताण काही तासांत ओसरणारा होता. ताण रोजचाच झाला तर मेंदूच्या पेशींचा आकारच बदलतो, आणि याबद्दलचं मोलाचं काम बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चट्टर्जी यांच्या प्रयोगशाळेत झालं. उंदरांना १० दिवस, रोज २ तास हालचाल करता येणार नाही असं ठेवलं. मग मेंदूचे काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली एकेका चेतापेशीच्या फांद्या मोजल्या. हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखूड झाल्या होत्या, विरळ झाल्या होत्या. अमिग्डलातल्या पेशींच्या फांद्या मात्र वाढल्या होत्या. ताण एकच असूनही एक भाग झडला आणि दुसरा फोफावला, हे २००२ मध्ये प्रसिद्ध झालं. २००४ मध्ये पुढची पायरी आली. उंदरांना २१ दिवस आराम दिला. हिप्पोकॅम्पस पूर्ववत झाला. अमिग्डला तशीच राहिली आणि उंदरांची धास्तीही तशीच राहिली. पुढच्याच वर्षी दिसलं की एकदाच दिलेल्या २ तासांच्या ताणाचा परिणाम दुसऱ्या दिवशी दिसत नाही, पण १० दिवसांनी अमिग्डलातल्या पेशींवर नवे जोड उगवलेले असतात. ‘आता सगळं संपलं ना, मग अजून घाबरतोस कशाला’ असं कुणाला म्हणण्याआधी हे प्रयोग आठवावेत, असं मला मनापासून वाटतं.

माणसाबद्दल बोलताना जपून बोलायला हवं. युद्धाच्या आघातानं ग्रासलेल्या सैनिकांचा हिप्पोकॅम्पस लहान आढळतो, तेव्हा आघातानंच तो आक्रसला असं मानलं जाई. २००२ मध्ये एकसारख्या जुळ्या भावांच्या जोड्या तपासल्या गेल्या, ज्यांतला एक व्हिएतनामच्या युद्धात लढला होता आणि दुसरा नव्हता. आघाताची लक्षणं जितकी तीव्र, तितका घरी राहिलेल्या भावाचाही हिप्पोकॅम्पस लहान निघाला. निदान काही अंशी तो आकार आधीपासूनचा होता आणि त्यामुळे आघात जास्त झोंबला. दुसरीकडे, महिनाभर मोठ्या परीक्षेच्या ताणाखाली असलेल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना एका कामावरून दुसऱ्याकडे लक्ष वळवणं जड जात होतं. परीक्षा होऊन महिना लोटल्यावर ते पूर्ववत झाले. तरुण, निरोगी मेंदू सावरतो.

जुनी भीती पुसता येते का? उपचारात सहसा ती पुसली जात नाही. भीतीची वस्तू सुरक्षितपणे पुन्हापुन्हा समोर आणून तिच्या जोडीला नवी, निर्धास्त आठवण तयार करतात. २०११ मध्ये द क्वेर्वां यांच्या गटानं उंचीची भीती वाटणाऱ्या ४० जणांवर हा उपचार आभासी उंचीवर नेऊन केला. निम्म्यांना प्रत्येक सत्राच्या तासभर आधी २० मिलिग्रॅम कॉर्टिसॉल दिलं, बाकीच्यांना औषध नसलेली गोळी. महिन्यानंतर कॉर्टिसॉल घेतलेल्यांची भीती इतरांपेक्षा जास्त कमी झालेली आढळली. संशोधकांच्या मते गोळीनं दोन कामं एकदम केली: जुन्या भीतीची आठवण वर येऊ दिली नाही, आणि उंचावर उभं राहूनही काही झालं नाही, हा नवा अनुभव पक्का केला.